घाबरलेली बुद्धी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलेन, अशी संयोजकांची अपेक्षा होती. पण मी बोलणार आहे कावळा, उंदीर आणि मधमाशी यांच्याबद्दल. बुद्धी आणि भावना एकमेकींच्या शत्रू आहेत, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. या तिघांनी माझा तो समज मोडला.

आधी कावळा. २००६ साली अमेरिकेत सिअ‍ॅटल इथे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदिमानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले, त्यांच्या पायात खुणेची कडी घातली आणि सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा घालून कुणीही फिरलं, की कावळे डोक्यावर कलकलाट करत. दुसरा साधा मुखवटा घातला, तर फारसं लक्ष देत नसत. गंमत म्हणजे वर्षं गेली तशी ओरडणाऱ्यांची संख्या वाढत गेली. जे कधी पकडले गेलेच नव्हते, ते आईबापांकडून आणि थव्याकडून शिकले. पुढे मेंदूच्या चित्रणात दिसलं, की धोक्याचा चेहरा पाहताना कावळ्याच्या मेंदूतला भीतीशी निगडित भाग जागा होतो. हजारो चेहऱ्यांतला कुठला लक्षात ठेवायचा, हे त्याला भीतीने शिकवलं. म्हणजे इथे भावनेने बुद्धीला मदतच केली.

आता उंदीर. ब्रिस्टल विद्यापीठातला हा प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. एक स्वर ऐकू आला की कळ दाबायची, खाऊ मिळतो. दुसरा स्वर आला तर दाबायची नाही, नाहीतर कर्कश आवाज होतो. उंदीर हे शिकले. मग काहींना स्थिर पिंजऱ्यात ठेवलं. काहींच्या पिंजऱ्यात मात्र कधी अंथरूण ओलं, कधी पिंजराच तिरका, कधी अनोळखी सोबती. केव्हा काय होईल याचा नेम नाही. त्यानंतर दोन्ही गटांना दोन स्वरांच्या मधले, संदिग्ध स्वर ऐकवले. अस्थिर पिंजऱ्यातले उंदीर खाऊच्या स्वराशी मिळताजुळता स्वर ऐकूनही कळ दाबायला कचरत, उशीर लावत. शिकवणूक दोघांची सारखीच होती. फरक पडला तो अंदाजात.

आणि मधमाशी. २०१६ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी बंबलबी या गुबगुबीत, केसाळ माश्यांना एका रंगाजवळ साखरपाणी आणि दुसऱ्या रंगाजवळ नुसतं पाणी मिळतं, हे शिकवलं. मग मधलाच एखादा रंग दाखवला. त्याआधी ज्यांना गोड पाण्याचा अनपेक्षित थेंब मिळाला होता, त्या माश्या त्या रंगाकडे लवकर झेपावल्या. डोपामाइनचा परिणाम रोखणारं औषध दिल्यावर हा फरक नाहीसा झाला.

उंदराला किंवा माशीला आतून नेमकं काय वाटतं, हे या प्रयोगांतून कळत नाही. पण मनःस्थिती बदलली की निर्णय बदलतो, हे मोजता येतं. आणि हा फरक दिसतो तो नेमका जिथे उत्तर स्पष्ट नसतं तिथे. शिकणं म्हणजे तरी दुसरं काय? ज्याचं उत्तर अजून माहीत नाही, तिथे हात घालणं.

आठवीत मला फळ्यासमोर उभं केलं की घरी सहज सुटलेलं समीकरण सुटत नसे. वर्ग हसायचा. मी स्वतःला "ढ" समजून मोकळी झाले होते. ते मी विसरले नव्हते. तरी मीही तेच केलं. काही वर्षांपूर्वी माझ्या टीममध्ये एक नवा मुलगा आला. त्याने विचारलेल्या पहिल्या दोन शंकांना मी सगळ्यांसमोर म्हटलं, "एवढंही माहीत नाही?" तिसरी शंका त्याने विचारलीच नाही. नेमकी तिथेच चूक राहिली आणि दोन रात्री आम्ही सगळे ती शोधत बसलो. वर्षाअखेरीच्या शेऱ्यात मी लिहिलं, "आकलन कमी." तो नोकरी सोडून गेला. त्याचं आकलन कमी नव्हतं. पिंजरा तिरका होता आणि तो तिरका करणारी मी होते.

आज आपल्यातले काही शिक्षक आहेत, काही साहेब आहेत, बहुतेक जण आईबाप आहेत. एखादं मूल, एखादा सहकारी उत्तर द्यायला उशीर लावत असेल, तर "डोकं नाही" म्हणण्याआधी एवढंच पाहा, की त्याला चुकायची भीती कुणी घातली. उत्तर कधीकधी आपल्याच घरात सापडेल.

मघाशी आठवीच्या वर्गात डोकावले. फळा तोच आहे. खडू उचलला, एक समीकरण लिहिलं आणि सोडवलं. या वेळी मागे कुणी हसत नव्हतं.