मल्टिपल स्क्लेरोसिस : सोंग नव्हे, विकार



सातारा-सांगलीकडील आपल्या घरांत एखाद्या तरुण सुनेची दृष्टी अकस्मात मंदावते, पाय बधिर होतात, महिन्याभरात ती सावरते. आणि मग ‘सोंग’ हा शब्द कानी येतो. आम्हांस तो फार खुपतो. या विकारात शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवरील आवरणास इजा करते. चढउतार हे त्याचे लक्षणच होय. पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ सालीच त्याचे वर्णन केले आहे. तो संसर्गजन्य नाही. वैशाखातील उन्हाने लक्षणे बळावतात. तेव्हा चुलीपुढील काम इतरांनी करावे, पुरुषांनीही. समूळ उपाय नाही. परंतु औषधांनी हल्ले कमी होतात, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांकडे विलंब नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या विकाराचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात चौकशी करावी.