बैलाच्या वतीने कोण बोलणार?

प्राण्याला क्रूरतेने वागवू नये असे सांगणारा कायदा भारतात १९६० पासून आहे. प्राण्याला स्वतःचा असा काही हक्क आहे असे सांगणारा कायदा मात्र अद्याप नाही, आणि प्राणिहक्कांची न्यायालयीन चळवळ या दोहोंमधले अंतर कापण्यासाठीच चाललेली आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम ३ जनावर ज्याच्या ताब्यात असेल त्याच्यावर देखभालीचे कर्तव्य टाकते, तर कलम ११ मारहाण, उपासमार, झेपणार नाही इतके ओझे लादणे इत्यादींना गुन्हा ठरवते. या कलमाखालील पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे बैलाच्या एका वेळच्या वैरणीला पुरेल न पुरेल इतका आहे. दंडाच्या रकमेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की, बैलाला आर टोचली तर कायद्याच्या दृष्टीने गुन्हा घडतो तो राज्याविरुद्ध. फिर्यादी माणूस, आरोपी माणूस, साक्षीदार माणसे, आणि ज्याला टोचले तो बैल त्या खटल्यात फार तर मुद्देमाल असतो.

ही स्थिती बदलण्याचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न अमेरिकेत झाला. वकील स्टीव्हन वाइज आणि त्यांनी स्थापन केलेली 'नॉनह्यूमन राइट्स प्रोजेक्ट' ही संस्था यांनी २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात टॉमी नावाच्या चिंपांझीसाठी हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज दाखल केला. बेकायदा डांबून ठेवलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे आणून, डांबणाऱ्याला तिच्या अटकेचे समर्थन करण्यास भाग पाडणारा हा जुना इंग्रजी उपाय असून, १७७२ मध्ये लंडनमध्ये जेम्स सॉमरसेट या गुलामाची सुटका याच मार्गाने झाली होती. वाइज यांनी तो दाखला आपल्या युक्तिवादाचा कणा बनवला. २०१४ च्या अपिली निकालात न्यायालयाने अर्ज फेटाळला, कारण चिंपांझी कर्तव्ये पार पाडू शकत नाही आणि ज्याला कर्तव्ये नाहीत त्याला हक्कही नाहीत, असे त्याचे म्हणणे पडले. हे कारण टिकणारे नाही, कारण तान्ह्या मुलाला कोणतेच कर्तव्य नसते, तरी त्याच्या नावे वारसाहक्क लागतो. पुढे ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील हॅपी या हत्तिणीचे प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेले आणि जून २०२२ मध्ये पाच विरुद्ध दोन मतांनी हरले. अर्जेंटिनातील मेंदोसा येथे मात्र २०१६ मध्ये सेसिलिया या चिंपांझीला न्यायाधीशांनी व्यक्ती मानून ब्राझीलमधील अभयारण्यात पाठवण्याचा आदेश दिला.

या अमेरिकी मार्गात एक मूलभूत उणीव आहे आणि ती पराभवांइतकी बोलली जात नाही. वाइज यांनी मुद्दाम चिंपांझी, हत्ती, डॉल्फिन असे प्राणी निवडले, कारण त्यांना स्वत्वाची जाण आणि आपल्या वागण्याची निवड करण्याची क्षमता असल्याचे पुरावे शास्त्रज्ञ देऊ शकत होते. हॅपी तर आरशात स्वतःला ओळखणारी हत्तीण म्हणून २००५ च्या प्रयोगामुळे प्रसिद्ध होती. परंतु हक्काची पात्रता माणसाशी असलेल्या बौद्धिक जवळिकीवर ठरू लागली, तर औताला जुंपलेला बैल या परीक्षेला बसूच शकत नाही, आणि खुराड्यातल्या कोंबडीचे नावही घ्यायला नको.

भारतीय सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी नागराजा प्रकरणात निराळी वाट धरली. तामिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती या दोन्हींवर बंदी कायम करणाऱ्या या निकालात, न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन व पिनाकी चंद्र घोष यांनी बैलाच्या बुद्धीचा प्रश्न काढलाच नाही. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नसून तो वेदना आणि भीती यांच्या धाकाने धावतो, एवढे त्यांना पुरेसे वाटले. भूक-तहान, अस्वस्थता, वेदना व रोग, भीती यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक ही प्राणिकल्याणशास्त्रातील पाच स्वातंत्र्ये न्यायालयाने कलम ३ व ११ मध्ये वाचली, संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील 'जीविता'ची व्याप्ती प्राण्यांपर्यंत नेली, आणि ज्यांना स्वतःचे रक्षण करता येत नाही त्यांचे पालकत्व न्यायालयाकडे येते, या तत्त्वाचा आधार घेतला.

ही भाषा उदार होती, पण तिचा पाया कच्चा होता. निकालातील प्रत्येक ठोस आदेश अखेर १९६० च्या कायद्यावरच उभा होता, आणि कायद्यातून आलेला हक्क कायदा बदलला की जातो. २०१७ मध्ये तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांनी या केंद्रीय कायद्यात आपापल्या राज्यापुरत्या दुरुस्त्या केल्या. महाराष्ट्राने परवानगी आणि अटींच्या चौकटीत शर्यतींना मोकळीक दिली, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने त्या प्रत्यक्ष सुरू झाल्या, आणि खेड, जुन्नर, आंबेगाव भागातील घाट (शर्यतीच्या धावपट्टीला तिकडे घाट म्हणतात) पुन्हा भंडाऱ्याने पिवळे झाले. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या. शर्यत ही संस्कृती आहे की नाही हे विधिमंडळाने ठरवावे, असे पीठाने म्हटले आणि वृत्तपत्रांनी तेवढेच उचलून धरले. खरा निर्णायक भाग वेगळाच होता. प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचे दाखवणारा कोणताही पूर्वनिर्णय नाही, आणि अनुच्छेद १४ खाली मनमानीविरुद्ध दाद प्राणी स्वतः व्यक्ती म्हणून मागू शकत नाही, ती मनुष्यानेच किंवा एखाद्या विधिमान्य व्यक्तीनेच मागावी लागेल, असे पीठाने स्पष्ट केले.

येथे 'व्यक्ती' या संज्ञेचा उलगडा आवश्यक आहे. कायद्याच्या परिभाषेत व्यक्ती म्हणजे माणूस नव्हे, तर जिच्या नावे हक्क नोंदवता येतात आणि जी दावा लावू शकते अशी कोणतीही सत्ता. कंपनी या अर्थाने व्यक्ती असते आणि देवळातील मूर्तीही असते. व्यक्तित्व हा सन्मान नसून सोय आहे, म्हणून ते बैलाला देण्यात तात्त्विक अडचण फारशी नाही. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आणि पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये संपूर्ण प्राणिसृष्टीला विधिव्यक्ती घोषित केलेही. मात्र पालक म्हणून तेथील सर्व नागरिकांना नेमले, आणि सगळेच पालक म्हटल्यावर जाब कोणालाच विचारता येत नाही.

प्रतिनिधित्वाचा हा प्रश्न किती खरा आहे, हे कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणीच्या जैन मठातील महादेवी ऊर्फ माधुरी या हत्तिणीच्या प्रकरणात दिसले. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मठाच्या धार्मिक हक्कापेक्षा हत्तिणीच्या चांगल्या जीवनाच्या हक्काला वरचे स्थान दिले आणि तिला जामनगरच्या वनतारा केंद्रात हलवण्याचा मार्ग मोकळा केला. सर्वोच्च न्यायालयानेही तो आदेश बदलला नाही. त्यानंतर या हलवण्याच्या विरोधात निघालेल्या मोर्च्यांतील लोकांचे म्हणणेही आपण हत्तिणीच्या भल्यासाठीच बोलत आहोत असे होते, आणि तिला हलवण्याची मागणी करणाऱ्या संघटनेचेही तेच होते. खुद्द हत्तीण त्या वादात ना वादी होती, ना प्रतिवादी. शंभर वर्षांपूर्वी, १९२५ मध्ये, कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यातील भाऊबंदांचा असाच तंटा प्रिव्ही कौन्सिलपुढे आला होता: पूजेच्या पाळीत कुलदैवताची मूर्ती आपापल्या घरी नेता येईल का, असा तो वाद होता. मूर्ती ही हलवाहलवीची जंगम वस्तू नसून तिची इच्छा विचारात घ्यावी लागेल, आणि त्यासाठी भांडणाऱ्यांपैकी कोणी नव्हे, तर न्यायालयाने नेमलेला, कोणताही हितसंबंध नसलेला प्रतिनिधी तिच्या वतीने उभा राहावा, असा निर्णय तेव्हा झाला. नांदणीच्या प्रकरणात असा स्वतंत्र प्रतिनिधी नेमायला नवा कायदा लागला नसता.