क्लचमधील हवा आणि ड्रायव्हरचा पगार



गाडीचा क्लच हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे कोणास वाटेल. पण धानोऱ्याहून मुरूमगावकडे जाताना जंगलात गाडी अडली, की ‘ड्रायव्हरने क्लच जाळला’ एवढे एकच निदान होते आणि खर्च त्याच्या पगारातून कापला जातो. आमचे म्हणणे इतकेच, की आधी दोष ओळखावा, मग दोषी ठरवावा.

ज्या गाड्यांचा क्लच तेलावर चालतो, त्यांत सतराव्या शतकातील पास्कलचेच तत्त्व आहे : कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पोचतो. पेडल मास्टर सिलिंडरमधील तेल ढकलते, ते तेल नळीतून खालच्या स्लेव्ह सिलिंडरला रेटते आणि क्लच सुटतो. तेल जवळजवळ दबत नाही. हवा मात्र दबते. आत हवा शिरली, की पायाचा जोर तिलाच दाबण्यात जातो. पेडल मऊ लागते, गिअर खरखरतो.

आता खुणा पाहा. चारदा भराभर पेडल मारल्यावर गिअर पडतो, तर बहुधा हवा आहे. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली बसते आणि बाहेर गळती दिसत नाही, तर मास्टर सिलिंडरच्या रबराचा संशय घ्यावा. तेल घटते, तर पेडलजवळ आणि स्लेव्हच्या रबरी टोपीखाली ओल शोधावी. इंजिन ओरडते, गाडी ओढत नाही, जळका वास येतो, तेव्हा प्लेट पाहावी. तीही वापराने झिजतेच.

हवा काढायला दोन माणसे लागतात. गाडीला सांगितलेलेच ताजे तेल डबीत भरावे. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या तेलात बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे; दुसऱ्याने निपल सैल करून बुडबुडे जाऊ द्यावेत आणि पुन्हा आवळावे. मगच पाय उचलावा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करावे. डबी रिकामी होऊ देऊ नये. ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल घालू नये, रबर फुगते. हवा पुन्हा आली, तर गळती राहिली आहे असे समजावे.

नुकसानीपोटी पगार कापण्यापूर्वी कामगाराला बाजू मांडू द्यावी, असा दंडक १९३६ च्या वेतन कायद्याने घातला; २०१९ च्या वेतन संहितेनेही तो ठेवला. पण बाजू मांडायची तर यंत्र कळले पाहिजे. पेडल मऊ होते की घट्ट, तेल घटले होते की नाही, एवढे ज्याला सांगता येते, तो चौकशीत मुका राहत नाही.