सीतापुऱ्याची रात्र



शनिवारच्या अग्निकवायतीबाबत मी इतकी हट्टी का, असे तुमच्यापैकी अनेकांनी विचारले आहे. आज सांगते.

२९ ऑक्टोबर २००९. सायंकाळी सीतापुऱ्याच्या तेलसाठ्यात गळलेल्या पेट्रोलच्या वाफेचा स्फोट झाला. माझे वडील नागरी संरक्षण दलाचे जुने स्वयंसेवक, वय पासष्ट. रात्री उशिरा त्यांना निरोप आला. ‘मी सोडते,’ म्हणत मी स्कूटर काढली. खरे तर वाटेतूनच त्यांना परतवावे, हा माझा डाव. टोंक रस्त्यावर आकाश तांबडेलाल झाले होते. ते एक शब्द बोलले नाहीत, मीही नाही.

आग विझवायला चाललो आहोत, ही माझी समजूत. पण जळते पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि त्या धगीपाशी फेस घेऊन जाणेही अशक्य होते. अखेर इंधन संपेपर्यंत ती आग जळू द्यावी लागली, सुमारे अकरा दिवस.

वडिलांच्या वाट्याला आली ती दारे. जवळच्या वस्तीत घरोघरी जाऊन माणसे बाहेर काढायची. एक आजीबाई म्हशीला सोडून यायला तयार होईनात. मी शिक्षिकेच्या सवयीने समजावू लागले. वडिलांनी मुकाट्याने म्हशीचे दावे सोडले आणि ते चालू लागले. आजीबाई मागोमाग निघाल्या!

पहाटे त्यांनी आपली शिट्टी माझ्या हाती ठेवली. शनिवारी वाजते ती तीच. गेल्या महिन्यात मागच्या दाराची गंजलेली कडी निघेना, सातवीच्या मुली खोळंबल्या. कडी त्याच दुपारी बदलून घेतली.