शाळेचे मैदान आणि वाढत्या वयाच्या मुली
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आजच्या परिषदेत वाचन व गणित यांविषयी पुष्कळ उपयुक्त चर्चा झाली. मी आपला थोडा वेळ घेणार आहे तो मधल्या सुट्टीविषयी बोलण्यासाठी. शाळा पाहावयास गेलेल्या माणसाला या सुट्टीत जे कळते, ते पुष्कळदा नोंदवह्या चाळून कळत नाही.

काही महिन्यांपूर्वी एका खेड्यातील शाळेत मी दुपारी लिंबाच्या झाडाखाली उभा होतो. तिसरी-चौथीच्या मुलामुलींचा लंगडीचा डाव एकत्रच रंगला होता. पाचवी-सहावीच्या मुली मैदानाच्या एका कोपऱ्यात आपापल्या खेळत होत्या. सातवी-आठवीच्या मुली मात्र व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्याच वर्गातील मुलांनी मैदानाचा मध्यभाग क्रिकेटसाठी व्यापला होता. त्या मुलींपैकी एकीला मी विचारले, “बाळ, तू का खेळत नाहीस?” मान खाली घालून ती म्हणाली, “सर, आता आम्ही मोठ्या झालो.”

तेरा वर्षांची मुलगी मोठी झाली आणि तिच्याच बाकाशेजारी बसणारा तेरा वर्षांचा मुलगा मात्र अद्याप लहानच होता! या उत्तराचा विचार आपण सर्वांनी करावा, अशी माझी विनंती आहे.

हा प्रश्न केवळ आपल्याच गावांचा आहे असे नव्हे. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलामुलींनी दररोज सरासरी 60 मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या संघटनेच्या संशोधकांनी 146 देशांतील सुमारे 16 लाख विद्यार्थ्यांची माहिती 2019 साली प्रसिद्ध केली. तीवरून असे दिसते की, 2016 साली अकरा ते सतरा वर्षे वयाच्या दर शंभर मुलग्यांपैकी सुमारे 78 आणि मुलींपैकी सुमारे 85 एवढी हालचाल करीत नव्हत्या. 2001 पासूनच्या पंधरा वर्षांत मुलग्यांच्या स्थितीत किंचित सुधारणा झाली. मुलींच्या स्थितीत ती जवळजवळ झालीच नाही. वय वाढते तशी हालचाल घटते, हाही सर्वत्र येणारा अनुभव आहे.

भारताचे आकडे यापेक्षा थोडे बरे आहेत; तरी चारांपैकी सुमारे तिघे अपुरी हालचाल करणारेच आहेत. आपल्या देशातील मुली त्यातल्या त्यात अधिक हालचाल करताना दिसतात, याचे एक कारण घरकाम असावे, असे संशोधकांनी म्हटले आहे. त्याच 2016 साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण विसरलो नाही. अशा दुष्काळात घागर उचलणारी मुलगी, आईवडील ऊसतोडीला गेल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी आळशी आहे, असे कोण म्हणेल? तथापि घागर वाहणे म्हणजे खेळणे नव्हे. खेळात आनंद आहे, डावपेच आहेत, हरणे आणि पुन्हा उभे राहणे आहे. कामाने शरीर थकते. खेळाने शरीराबरोबर मनही मोकळे होते. हाडे बळकट होण्याचे वयही हेच आहे.

मुलग्यांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. लातूर जिल्ह्याने हरिश्चंद्र बिराजदार यांच्यासारखा मल्ल दिला. 1970 च्या एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. त्याच जिल्ह्याच्या नावाने आज परीक्षेच्या तयारीचा ‘लातूर पॅटर्न’ ओळखला जातो. त्याचा अभिमान अवश्य असावा. परंतु आठवीनंतर शिकवणी आणि मैदान यांत मैदानाचाच बळी द्यावा, असे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही. फरक एवढाच की, मुलग्याचे मैदान शिकवणीमुळे सुटते, तर मुलीचे त्याच्या दोन-तीन वर्षे आधीच, कोणी काही न बोलता सुटते.

यात आपला दोषही मी मान्य करतो. मी वर्गशिक्षक असताना खेळाच्या तासाला मुलांना मैदान आखावयास सांगत असे आणि मुलींना वर्ग झाडावयास. त्यात काही वावगे आहे, हे कित्येक वर्षे माझ्या ध्यानीही आले नाही. आपण मुलींना ‘खेळू नका’ असे कधीच म्हणत नाही. फक्त त्यांच्या हाती झाडू देतो.

उपाय फार खर्चाचे नाहीत. शिक्षण हक्क अधिनियम, 2009 च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण आणि खेळसाहित्य असावे, असे म्हटलेले आहे. ते क्रीडांगण मुलींचेही आहे, हे ध्यानी ठेवून पुढील गोष्टी कराव्यात. मैदानाचा मध्यभाग आठवड्यातून तीन दिवस मुलींसाठी राखून ठेवावा. खेळाचा तास गणिताच्या उजळणीसाठी घेऊ नये. त्या तासाला झाडलोट व पाणी भरणे ही कामे कोणासही सांगू नयेत. अन्य वेळी ती मुलामुलींत सारखी वाटावीत. लंगडीला साहित्य लागतच नाही. खो-खोला 27 मीटर लांब व 16 मीटर रुंद जागा आणि दोन खांब पुरतात. स्वच्छतागृहात पाणी असावे आणि मासिक पाळीविषयी शिक्षिकांनी मुलींशी मोकळेपणाने बोलावे. माता-पालकांच्या सभेत एकदा तरी मुलींचा सामना भरवावा. मुलगी खेळताना आईने पाहिली, म्हणजे पुढचे बोलणे सोपे होते.

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील सारिका काळे यांनी 2016 च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय महिला खो-खो संघाचे नेतृत्व केले आणि 2020 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये देशाच्या ध्वजवाहक होत्या. प्रत्येक मुलीने पदक आणावे, असा याचा अर्थ नाही. मैदान कोणासाठी आहे, हे मुलींना कळावे, एवढ्याचसाठी ही नावे वर्गात सांगावीत.

पुढील भेटीत मी हजेरीपट नंतर पाहीन. आधी मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला उभा राहीन. त्या वेळी व्हरांड्याची भिंत मोकळी दिसावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.