वर्ग, वस्तू आणि वारसा : संगणकाच्या आज्ञालेखनाची पहिली ओळख
(भाषणाचा मजकूर)



कचेऱ्यांतील नोंदवह्यांचे काम आता मोठ्या प्रमाणावर संगणकाकडे गेले आहे. दाखला असो, निवृत्तिवेतन असो की वाचनालयातील पुस्तकांची देवघेव असो, खिडकीपलीकडील कर्मचारी पडद्याकडे पाहून उत्तर देतो, आणि "संगणकात नाव सापडत नाही" एवढे ऐकून नागरिक आल्या पावली परत फिरतो. नाव शोधताना संगणक नेमके काय करतो, हे त्या कर्मचाऱ्याला ठाऊक असण्याची अपेक्षा सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः ते कळण्यास गणिताची पदवी लागत नाही. कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही थोड्या चिकाटीने समजावे, असेच या विद्येचे पहिले धडे आहेत.

संगणकाला द्यावयाच्या क्रमवार सूचनांच्या संचास आज्ञावली म्हणतात. 'प्रोग्राम' हा शब्दही आता मराठीत रुळला आहे. आरंभीच्या काळातील आज्ञावल्यांत माहिती एकीकडे असे आणि तिच्यावर प्रक्रिया करणाऱ्या आज्ञा दुसरीकडे. कचेरीतील नोंदवही व्हरांड्यातल्या मेजावर उघडी ठेवावी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने तीत खाडाखोड करावी, तशातला तो प्रकार होता. आज्ञावली लहान असेतो हे खपून जाई. ती वाढली म्हणजे कोणता आकडा कोणी बदलला याचा थांग लागेनासा होई.

यावरील तोड प्रथम नॉर्वेत निघाली. ओस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड या दोघांनी 'सिम्युला' नावाची संगणकभाषा रचली. रांगा, वाहतूक, उत्पादन अशा व्यवहारांची नक्कल संगणकावर करून पाहणे हा त्यांचा उद्देश होता. १९६७ च्या सिम्युलात आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या 'क्लास' म्हणजे वर्ग या कल्पनेला स्पष्ट रूप मिळाले. पुढे अमेरिकेत पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ॲलन के व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात 'स्मॉलटॉक' ही भाषा घडविली. या पद्धतीस 'ऑब्जेक्ट-ओरिएंटेड' हे नाव के यांनीच दिले. बेल प्रयोगशाळेतील ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये आरंभिलेल्या कामास १९८३ मध्ये 'सी प्लस प्लस' हे नाव मिळाले. 'पायथन' १९९१ मध्ये आणि 'जावा' १९९५ मध्ये लोकांसमोर आली. दाल आणि न्यूगार्ड यांना २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला, आणि पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, दोघेही निवर्तले.

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळावे. सार्वजनिक ग्रंथालय गोमंतकीय वाचकाला अपरिचित नाही. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा उगम १८३२ सालापर्यंत मागे जातो. अशा ग्रंथालयातील सभासदांची नोंद संगणकावर ठेवावयाची आहे, असे समजू.

सभासदत्वाचा कोरा छापील अर्ज म्हणजे वर्ग, आणि एखाद्या व्यक्तीने भरून दिलेला अर्ज म्हणजे 'ऑब्जेक्ट' अर्थात वस्तू. कोरा अर्ज एकच. भरलेले अर्ज हजार. नाव, पत्ता, अनामत रक्कम, नेलेल्या पुस्तकांची यादी हे त्या वस्तूचे गुणधर्म होत. पाठ्यपुस्तकांतून बहुधा हीच उपमा देतात आणि तेथेच थांबतात. ती एका महत्त्वाच्या बाबतीत अपुरी आहे. कागदी अर्ज स्वतः काही करीत नाही. आज्ञावलीतील वस्तूला मात्र कामेही नेमून दिलेली असतात : पुस्तक देणे, पुस्तक परत घेणे, विलंबशुल्क सांगणे. या कामांना 'मेथड' म्हणतात. नवी वस्तू निर्माण होते त्या क्षणी तिचे प्रारंभिक गुणधर्म भरणाऱ्या विशेष मेथडला 'कन्स्ट्रक्टर' हे नाव आहे. नाव न देताच सभासद नोंदविता येऊ नये, ही दक्षता घेण्याची जागा तीच.

वस्तूच्या माहितीला बाहेरून कोणी हात लावू नये, जे काही करावयाचे ते तिच्या मेथडच्याच द्वारे करावे, या तत्त्वाला 'एनकॅप्सुलेशन' म्हणतात. मेजावरची नोंदवही उचलून जबाबदार कारकुनाच्या ताब्यात दिली आणि पुढे खिडकी बसविली, असे म्हणता येईल. समजा, एका वेळी २ पुस्तकेच न्यावीत असा नियम आहे. बाहेरच्या कोणत्याही आज्ञेला यादीत परस्पर तिसरे पुस्तक घालता येत असेल, तर तो नियम कागदावरच राहतो. 'पुस्तक देणे' या मेथडमध्ये तपासणी ठेवली आणि यादी बंदिस्त केली, की नियम एका जागी पाळला जातो आणि बदलावयाचा तर एकाच जागी बदलता येतो. जावामध्ये हे बंधन भाषाच पाळायला लावते. पायथनमध्ये नावाआधी अधोरेखा घालून केवळ 'हे खासगी आहे' असा संकेत करतात; तो मोडणाऱ्याला भाषा अडवीत नाही.

'इनहेरिटन्स' म्हणजे वारसा. विद्यार्थी सभासद आणि आजीव सभासद हे मूळ सभासदाचेच प्रकार असल्याने, सामान्य गुण मूळ वर्गात एकदाच लिहावेत आणि वेगळेपणा तेवढा उपवर्गात लिहावा. पुढचे पाऊल 'पॉलिमॉर्फिझम', म्हणजे बहुरूपता. प्रत्येक सभासद-वस्तूला 'तुझे विलंबशुल्क किती?' एवढाच प्रश्न विचारावा. विद्यार्थी आपल्या दराने उत्तर देईल, आजीव सभासद आपल्या दराने. प्रश्न विचारणाऱ्याला प्रकारांची यादी पाठ करण्याचे कारण उरत नाही.

वारशाचा मोह मात्र नवशिक्यांना फार होतो. एक वर्ग दुसऱ्याचा 'प्रकार आहे' की त्याच्या 'ताब्यात आहे', हे आधी विचारावे. आजीव सभासद हा सभासदाचा प्रकार आहे. पण पुस्तक हा ग्रंथालयाचा प्रकार नव्हे, ते ग्रंथालयाच्या ताब्यात आहे. तेथे वारसा लावणे म्हणजे घरातल्या कपाटाला घराचा नातू ठरविण्यासारखे होईल.

जुने लेखन नव्या कामी येणे हा या पद्धतीचा मोठा लाभ सांगितला जातो, आणि तो खराही आहे. परंतु तपासल्यावाचून आणलेली पूर्वार्जित आज्ञावली काय करू शकते, हे ४ जून १९९६ रोजी दिसून आले. युरोपच्या 'आरियान ५' या प्रक्षेपकाचे ते पहिलेच उड्डाण. त्यातील दिशादर्शक यंत्रणेची आज्ञावली आधीच्या 'आरियान ४' वरून घेतलेली होती. नव्या प्रक्षेपकाचा आडवा वेग जुन्यापेक्षा अधिक वाढे. त्यामुळे ६४ बिटांची एक अपूर्णांकी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसविताना ती मावली नाही, यंत्रणा बंद पडली, आणि सुमारे ४० सेकंदांत प्रक्षेपक आकाशात फुटला. आज्ञावलीचा तो भाग उड्डाणानंतर नव्या प्रक्षेपकाला उपयोगाचाही नव्हता. हा दोष वर्गांच्या वारशाचा नव्हे. पण जुन्या लेखनामागची गृहीते नव्या जागी लागू आहेत काय, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

आणखी एक अडथळा येथेच सांगणे इष्ट. एका वस्तूला दुसरे नाव दिले म्हणजे तिची नक्कल झाली, अशी नवशिक्याची समजूत असते. घरी 'बाळ' आणि शाळेच्या पटावर 'भालचंद्र' असला तरी मुलगा एकच. बाळला ताप आला तर भालचंद्र शाळेत जात नाही. पायथन व जावा या भाषांत एका यादीला दोन नावे दिली आणि एका नावाने तिच्यात भर घातली, तर ती दुसऱ्या नावानेही दिसते. स्वतंत्र प्रत हवी असल्यास ती मुद्दाम करावी लागते.

सरावासाठी जी कामे सर्वत्र दिली जातात ती साधी असतात : आकड्यांची बेरीज, सर्वांत मोठा आकडा, यादीत नाव शोधणे, शब्द उलटा करणे, क्रमवारी लावणे. मोठा आकडा शोधताना अनेक जण तुलनेची सुरुवात शून्यापासून करतात. सगळेच आकडे ऋण असले तर उत्तर शून्य येते, जे यादीत नसतेच. सुरुवात यादीतील पहिल्या आकड्यापासून करावी. पैशांच्या हिशेबात दशांश अपूर्णांकांवर विसंबू नये. संगणक अपूर्णांक सामान्यतः द्विमान पद्धतीत साठवितो, म्हणून पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली असता ०.३०००००००००००००००४ असे उत्तर मिळते. विलंबशुल्क पैशांतील पूर्णांकांत ठेवावे आणि दाखविताना रुपयांत दाखवावे, हा सोपा उपाय आहे.

मराठी अक्षरांशी गाठ पडली की ही साधी कामे साधी राहत नाहीत, आणि इंग्रजीतून उचललेल्या पाठांत याचा उल्लेखही नसतो. 'नवजीवन' हा शब्द उलट वाचला तरी 'नवजीवन'च. पण युनिकोड या सर्वमान्य संकेतपद्धतीत 'जी' हे एक अक्षर नसून 'ज' आणि दीर्घ ईकार अशी दोन स्वतंत्र चिन्हे आहेत. संगणकाच्या लेखी शब्दात ५ नव्हे तर ६ चिन्हे होतात, आणि चिन्हे उलटी केली की ईकार 'व'ला चिकटून 'नवीजवन' तयार होते. आज्ञावली सांगते की शब्द उलटसुलट सारखा नाही. उलट करण्यापूर्वी मात्रा व जोडाक्षरे आपापल्या मूळ व्यंजनाशी बांधून अक्षरांचे गट पाडावे लागतात.

क्रमवारीचेही तसेच. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात तो 'ल'नंतर, 'व'च्या आधी आहे. केवळ चिन्हांच्या क्रमाने सभासदांची यादी लावली तर 'काळे' हे आडनाव 'कावळे' आणि 'काशीकर' यांच्या आधी बसेल, आणि वर्णमालेच्या भरवशावर यादीच्या शेवटाकडे शोधणाऱ्याला ते मिळणार नाही. याकरिता मराठीचा क्रम जाणणारी तुलना वापरावी लागते.

आणि मग तो परत फिरलेला नागरिक. 'गोऱ्हे' या आडनावातील 'ऱ्ह' दोन रीतींनी टंकित होऊ शकतो : एकदा खास 'ऱ' या चिन्हाने, एकदा साधा 'र', हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह यांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन भिन्न शब्द वाटतात. अर्ज एका रीतीने नोंदविला आणि शोध दुसऱ्या रीतीने घेतला, तर नोंद असूनही 'सापडत नाही' असे उत्तर येते. चिन्हे प्रमाणरूपात आणण्याची युनिकोडची ठरलेली प्रक्रियाही ही विशिष्ट जोडी एक करीत नाही. त्यासाठी सभासद या वर्गातच, नाव स्वीकारताना आणि शोधताना, दोन्ही रूपे एका रूपात आणणारी मेथड लिहावी लागते. नावाला बाहेरून हात लावू न देण्याचा खरा उपयोग येथे दिसतो, कारण ही दुरुस्ती चुकवून कोणतेही नाव आत शिरू शकत नाही.

पहिला स्वाध्याय म्हणून सभासद हा एकच वर्ग आणि त्याच्या तीन मेथड पुरेत. त्या लिहून झाल्यावर मुद्दाम वेडीवाकडी माहिती देऊन पाहावी : न नेलेले पुस्तक परत करावे, तिसरे पुस्तक मागावे, रिकामे नाव द्यावे, २९ फेब्रुवारीला नेलेल्या पुस्तकाचा विलंब मोजावा, आणि 'गोऱ्हे' दोन्ही रीतींनी शोधावे.