शंभरातले पाच केस: अल्पाकाचं सूत कसं बनतं

आजचा भाग विणणाऱ्यांसाठी आहे, आणि न विणता नुसते स्वेटर विकत घेणाऱ्यांसाठीही.

एका ताईंनी प्रश्न पाठवला होता. त्यांच्याकडे अल्पाकाच्या लोकरीचे दोन गुंडे आहेत. दोन्हींवर ‘शंभर टक्के अल्पाका’ असं छापलंय. एक लोण्यासारखा मऊ, दुसरा मानेला टोचतो. मग दुसऱ्यात भेसळ आहे का? आणि दुसरं म्हणजे, अल्पाकाचा स्वेटर वापरता वापरता लांब का होत जातो?

भेसळ असेलच असं नाही. ‘शंभर टक्के अल्पाका’ हे फक्त जनावराचं नाव झालं. सूत कसं निघणार ते पुढच्या दोन पायऱ्यांवर ठरतं: निवड आणि पीळ.

आधी जनावर पाहू. अल्पाका हा उंटाच्या कुळातला प्राणी. तो मुख्यतः पेरू आणि बोलिव्हियात, अँडीज पर्वताच्या पठारांवर, साधारण 3,500 मीटरच्या वर पाळला जातो. 2001 साली डीएनएच्या अभ्यासातून दिसलं, की तो विकुन्या या रानटी प्राण्यापासून आलाय. विकुन्याचे केस जगातल्या सगळ्यात तलम केसांमध्ये मोजतात. म्हणजे घराणं उत्तम आहे.

पण एकाच अल्पाकाच्या अंगावर सगळे केस सारखे नसतात. पाठीवरचे आणि कुशीवरचे तलम, पोटावरचे आणि पायांवरचे जाड, राठ. केसाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तलम केस 20च्या आसपास, राठ केस 30च्या वर.

आता टोचण्याचं गणित. बारीक केसाचं टोक त्वचेला लागलं की वाकतं. 30 मायक्रॉनपेक्षा जाड केस वाकत नाही, तो त्वचेत रुततो आणि तिथल्या नसा तक्रार करतात. गंमत म्हणजे असे जाड केस शंभरात पाचच्या आसपास असले तरी पुरतात, कापड टोचायला लागतं. सरासरी उत्तम असू दे, पाच टक्के सगळ्याची वाट लावतात.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच पटेल. वेबसाइट उघडायला लागणारा सरासरी वेळ झकास दिसतो, पण शंभरातल्या पाच जणांना दहा सेकंद थांबावं लागतं, आणि शिव्या तेच पाच जण घालतात. सरासरी बघून काही कळत नाही, शेपूट बघावं लागतं.

लोकरीचं हे शेपूट कापतात ते निवडीच्या टेबलावर. पेरूतल्या अरेकिपा शहरात हा उद्योग एकवटलाय. तिथे निवड आजही हातानेच होते आणि ती करणाऱ्या बहुतेक बायका आहेत. कापून आणलेली लोकर पसरायची, बोटांनी चाचपायची, आणि तलमपणानुसार वेगळी काढायची. आपल्याकडे सुपात तांदूळ निवडतात तसं, फक्त इथे खडा डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतो.

‘बेबी अल्पाका’ हे नाव इथूनच येतं. ते पिल्लाचे केस नव्हेत! ती प्रत आहे, साधारण 20 ते 23 मायक्रॉनची. ती मोठ्या जनावराच्या पाठीवरूनही निघू शकते.

आता खरी अडचण. पाळणाऱ्याकडून लोकर अनेकदा सरसकट, एकाच भावाने, वजनावर घेतली जाते. तिथे त्याला ‘अल बार्रेर’ म्हणतात, म्हणजे झाडून सगळं. राठ केस वजनाला जास्त भरतात. मग ज्याने तलम जनावर जपलं त्याला जास्त काय मिळणार? पुरातत्त्वज्ञ जेन वीलर यांनी दक्षिण पेरूतल्या एल याराल इथल्या सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या अल्पाकांच्या ममी अभ्यासल्या. त्यांचे केस आजच्यापेक्षा तलम आणि एकसारखे निघाले. स्पॅनिश आक्रमणानंतर कळप उद्ध्वस्त झाले, लामांशी संकर वाढला. वर आजचा भावही राठपणालाच बक्षीस देत असेल, तर ती घसरण थांबायची कशी? प्रतीनुसार भाव देणारे संघ आणि खरेदीदार आहेत, आणि गोष्ट तिथेच सुधारते.

राठ लोकर टाकाऊ नसते बरं का. तिचे गालिचे, पांघरुणं होतात. आपली घोंगडी दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीचीच असते आणि वर्षानुवर्षं टिकते. पण घोंगडीची लोकर मफलरच्या भावात खपवली तर तक्रार करायलाच हवी.

निवडीनंतर धुणं, मग पिंजणं. आखूड केस नुसते पिंजून कातले तर सूत फुगीर होतं. लांब केस विंचरून समांतर केले तर सूत गुळगुळीत, चमकदार. मग पीळ. एका दिशेने पीळ दिलेले दोन-तीन पदर उलट दिशेने एकत्र वळतात, म्हणजे पीळ एकमेकांना तोलतात. एकपदरी सुताचा तोल कच्चा असतो, म्हणून त्यात विणलेला साधा तुकडा कधी कधी तिरका जातो.

आणि स्वेटर लांब का होतो? मेरिनो मेंढीच्या केसात बारीक नागमोड असते. ती स्प्रिंगसारखी ताणली जाते, परत येते. अल्पाकात नागमोड कमी आणि केसाचा पृष्ठभाग गुळगुळीत. म्हणून कापड सुंदर झुळझुळतं, पण आपल्याच वजनाने खाली उतरतं आणि वर परत येत नाही.

तर ताई, तीन गोष्टी करा. गुंडा हातात घेऊन ठरवू नका, तळहाताची कातडी जाड असते. दहा मिनिटं मानेपाशी धरा. स्वेटरसाठी थोडी मेंढीची लोकर मिसळलेलं, दोन-तीन पदरी सूत घ्या, आणि सुई एक नंबर बारीक. नमुन्याचा तुकडा विणून धुवा, खाली चिमटे लावून रात्रभर टांगा, आणि सकाळी मोजा. ते माप खरं.

आणि दुकानदाराला विचारा, प्रत कोणती? हा प्रश्न गिऱ्हाईक विचारायला लागलं, तरच तलम जनावर जपणाऱ्याला त्याचा भाव मिळेल.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात.